ज्वारी हातची जाते ती काढणीला

थंडी पडली की ज्वारीबद्दलच्या पोस्ट सुरू होतात. भाकरी तब्येतीला चांगली, ज्वारीचं क्षेत्र घटत चाललंय, शेतकरी उसाच्या मागे लागलाय. लिहिणाऱ्यांची ज्वारीबद्दलची माया खरी असते, मला ती आवडते. पण मी सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, करणाऱ्या घरातली सून आहे, आणि ज्वारी नेमकी कुठे हातची जाते हे त्यात कुणी लिहिलेलं मला दिसत नाही. पेरणीला नाही, राखणीला नाही. ती काढणीला जाते.

पेरणीपर्यंतचं काम आमच्याकडे अजून हौसेनं होतं. भारी जमीन खरिपात मोकळीच ठेवायची, पाऊस उघडला की कुळवाच्या पाळ्या घालायच्या, तण मारायचं आणि ओल जमिनीत मुरू द्यायची. सगळं पीक त्या मुरलेल्या ओलीवर येतं. पेरणी उत्तरा-हस्तात, म्हणजे साधारण 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. त्याआधी घाई केली तर खोडमाशी पोंगे खाते, उशीर झाला तर दाणे भरायच्या वेळी ओल संपते आणि खडखड्या रोग लागून ताटं आडवी होतात. वापसा आला का, म्हणजे पेरणीजोगी ओल आहे का, हे मामा (माझे सासरे) अजून ढेकूळ हातात फोडून बघतात आणि मगच पेरणीची तिफण बाहेर निघते. पुढे कोळपण्या. कोळप्यानं भेगा बुजतात, ओल धरून राहते. पोटरीतून कणसं निसवली की राखण. भोरड्या पाखरांचा थवा उतरला तर एका सकाळीत पट्टाच्या पट्टा पोकळ करून जातो, म्हणून पोरं डबे बडवत बांधावर उभी. मग हुरडा, पाव्हणे, आगटीभोवतीची गर्दी. इथपर्यंत सगळ्यांना शेती सुंदर दिसते, आणि ती असतेही.

फेब्रुवारीत दाणा टणक झाला की काढणी. आमच्याकडे ज्वारी कापत नाहीत, उपटतात. कापली तर धसकटं राहतात, ती पायात घुसतात आणि पुढच्या मशागतीला आडवी येतात. शिवाय कडबा तेवढा आखूड होतो. उपटायची म्हणजे कमरेत वाकून ताट बुडाशी दोन्ही हातांनी धरायचं, जरा कलवून हिसका द्यायचा, मुळाची माती पायावर झटकायची आणि बाजूला टाकायचं. पुन्हा पुढचं ताट. आमचा मालदांडी वाण डोक्याच्या वर जातो. तोवर रान वाळून घट्ट झालेलं असतं, दहा ताटांतलं एखादं हिसक्याला दाद देत नाही आणि त्याचा झटका थेट खांद्यात बसतो. पानाच्या धारेनं मनगटं चिरतात. ऊन चढलं की कणसाची बारीक कूस अंगाला लागते, म्हणून पहाटे गारव्यातच सुरुवात करायची. मग पेंढ्या बांधायच्या, आणि उन्हात बसून कणसं मोडायची. हे शेवटचं काम तर सगळं बायकांचंच. मळणीला मशीन येऊन जमाना झाला, तिथला त्रास गेला. उपटणं आणि मोडणं मात्र आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, लग्न होऊन आल्या तेव्हा होतं तसंच आज आहे.

पूर्वी सावड होती. आज तुमच्या रानात, उद्या आमच्या. आता सगळ्यांची ज्वारी एकदम वाळते आणि घराघरात माणसं कमी. मजुरांची टोळी काम उक्तं, म्हणजे ठोक दरानं, घेते, पण दर ऐकून निम्मी ज्वारी तिथंच गेल्यासारखी वाटते. उशीर केला तर अवकाळीची भीती. एक पाऊस पडला की मोत्यासारखा दाणा काळा पडतो आणि व्यापारी हातही लावत नाही. मग उरतात घरच्या बायका.

इथे माझं खरं म्हणणं आहे. हमीभाव ठरवताना घरच्या माणसांच्या राबण्याचं मोल उत्पादन खर्चात धरलं जातं. 2025-26 ला मालदांडीचा हमीभाव क्विंटलला 3749 रुपये जाहीर झाला, त्या हिशेबातही ते आहे. आमच्या घरच्या वहीत नाही. बियाणं, खत, ट्रॅक्टर, मळणीवाला सगळे लिहिलेले असतात. थोरल्या जाऊबाई, मी आणि आत्या काढणीभर रानात असतो, त्याची ओळ कुठल्याच वर्षी नसते. म्हणून वहीत ज्वारी कशीबशी परवडते आणि आमच्या अंगाला परवडत नाही. हे मी भांडायला लिहीत नाही. मामांनी आम्हाला कधी वाईट वागवलं नाही. पण ज्वारी का कमी झाली हे ज्यांना समजून घ्यायचंय, त्यांनी गावातल्या बायकांना विचारावं. कित्येक घरांत ‘यंदा ज्वारी नको’ हे पहिल्यांदा बाईच म्हणालेली आहे.

हरभऱ्याचं बघा. त्याची काढणीही हातानंच व्हायची. राहुरीच्या विद्यापीठानं फुले विक्रम हा उंच वाढणारा, घाटे वर धरणारा वाण काढला आणि हार्वेस्टर रानात शिरलं. ज्वारीत वसुधा आली, सुचित्रा आली, परभणी मोती आली. चांगले वाण आहेत, उतारा वाढला. पण काढणी बायकांच्या हातातच राहिली. मोठं हार्वेस्टर घातलं तर दाणा मिळतो आणि कडब्याचा चुरा होतो. ज्याच्या दावणीला दोन म्हशी आहेत त्याला कडबा म्हणजे वर्षाची वैरण, आणि उरलेला शेकड्यानं विकून घरात पैसे येतात. कडबा घालवून ज्वारी कोण करेल? गव्हाचं रीपर आमच्या शिवारात लोकांनी घालून बघितलं, लोळलेल्या ताटात ते अडकतं.

2016 ला मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं. दोन्हीचा मला अभिमान आहे. त्याच्यापुढचं काम मात्र एकच आहे: कडबा अख्खा ठेवून ताट मुळासकट काढेल असं, दोन-चार एकरवाल्याला भाड्यानं परवडेल असं यंत्र. ते गावागावातल्या गटाकडे असलं पाहिजे, म्हणजे काढणीच्या पंधरवड्यात हाताशी येईल. अनुदान द्यायचं तर तिथे द्या.

तोवर आमच्या घरात एवढं ठरलंय की यंदापासून काढणीची मजुरी वहीत लिहायची, घरच्या बायकांचीसुद्धा, टोळीच्याच दरानं. जाऊबाईंनी विषय काढला, मामांनी थोडा वेळ घेतला आणि हो म्हणाले. सप्टेंबरात किती रान ज्वारीला ठेवायचं ते आता ती वही समोर घेऊन ठरवू, आणि ठरवताना आम्ही तिघी तिथे बसलेल्या असू.