खटला मिटू दे, नोंद राहू दे

गेल्या महिन्यात सांगलीहून काकूंचा फोन आला. काकांच्या अपघाताची केस संपल्याचं मुलाने त्यांना आधीच सांगितलं होतं. मला त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, पण त्या ड्रायव्हरच्या लायसनवर कुठे काही लिहिलंय की नाही?" वकिलाला विचारून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. उत्तर मला माहीत होतं, पण तोंडातून निघेना.

काका-काकू सहा महिन्यांसाठी इकडे कॅलिफोर्नियात, बे एरियात मुलाकडे आले होते. ज्यांचे आईवडील इथे येऊन राहतात त्यांना ती सकाळ डोळ्यांपुढे येईल: कानटोपी, नवे पांढरे बूट आणि साडेसहाला फिरायला बाहेर. काका सिग्नलचं बटण दाबायचे आणि चालणाऱ्या माणसाचं पांढरं चित्र लागेपर्यंत थांबायचे, रस्ता रिकामा असला तरी. एकदा मी सोबत होते. मी पाऊल पुढे टाकलं तर दंडाला धरून मागे ओढलं, "लागू दे गं ते, मग जाऊ." त्या दिवशीही ते चित्र लागलेलंच होतं. लाल सिग्नलला न थांबता उजवीकडे वळणारा ड्रायव्हर डावीकडून गाड्या येतायत का तेवढंच बघत होता. उजवीकडे त्याने पाहिलंच नाही. काका तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये वारले.

ड्रायव्हर पंचविशीतला मुलगा. दारू नव्हती, पळून गेला नाही, पोलीस येईपर्यंत फुटपाथवर बसून होता. कॅलिफोर्नियात अशा साध्या निष्काळजीपणाने गाडीखाली माणूस मेला तर तो मिसडिमिनर, म्हणजे कनिष्ठ दर्जाचा गुन्हा. जास्तीत जास्त एक वर्ष काउंटी जेल. आणि १ जानेवारी २०२१ पासून इथे असा कायदा आहे की बहुतेक मिसडिमिनर खटल्यांत जज आरोपीला डायव्हर्जन देऊ शकतात, सरकारी वकिलाचा विरोध असला तरी. खटला जास्तीत जास्त दोन वर्षं बाजूला ठेवायचा, अटी घालायच्या, त्या पाळल्या की खटला रद्द. शिवाय कायद्याच्या लेखी ती अटक कधी झालीच नव्हती असं धरायचं.

आमच्या केसमध्ये हेच झालं. सरकारी वकिलांनी विरोध केला, जजनी तरी डायव्हर्जन दिलं. एक वर्ष, सुरक्षित ड्रायव्हिंगचा कोर्स, समाजसेवेचे तास. मार्सीज लॉमुळे इथे पीडिताच्या घरच्यांना कोर्टात बोलण्याचा हक्क आहे, म्हणून काकांच्या मुलाने दीड पान लिहून आणलं होतं. वाचताना "माय फादर"नंतर त्याचा आवाज बसला. उरलेलं मी वाचलं. तो ड्रायव्हर मुलगा समोर उभा होता, खाली बघत, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरून.

मी अगदी मनापासून सांगते, त्याला डायव्हर्जन मिळालं याचा मला राग नाही. जेलमध्ये जाऊन तो काय शिकला असता? आपल्यातली किती मुलं इथे व्हिसावर आहेत, एक शिक्षा लागली तर नोकरी, मुक्काम, सगळंच धोक्यात येऊ शकतं. मंडळाच्या ग्रुपवर एकाने विचारलं, "उद्या तुमच्या मुलाच्या हातून झालं तर?" झालं तर मी जजपुढे हात जोडून डायव्हर्जनच मागेन. मला खटकतंय ते वेगळंच आहे.

इथे ड्रायव्हिंगच्या चुका डीएमव्हीच्या, म्हणजे आपल्या आरटीओसारख्या विभागाच्या, रेकॉर्डवर पॉइंटच्या रूपात चढतात. वेग, सिग्नल तोडणं, याला एक पॉइंट. गाडीखाली मनुष्यवध केल्याबद्दल दोषी ठरलात तर दोन. वर्षभरात चार, दोन वर्षांत सहा किंवा तीन वर्षांत आठ झाले की तुम्ही निष्काळजी ड्रायव्हर धरले जाता आणि लायसन्सवर गदा येते. पण हे दोन पॉइंट चढतात ते कोर्टात दोष सिद्ध झाल्यावर. डायव्हर्जनमध्ये दोष सिद्ध होतच नाही, म्हणून डीएमव्हीकडे जायला काही उरतच नाही. जीवघेण्या अपघाताची चौकशी डीएमव्ही स्वतःहून करू शकते हे खरं. पण कोर्टाच्या निकालाने आपोआप व्हायला हवं ते तेवढ्याने होत नाही.

२०२२ मध्ये मला फ्रीवेवर तिकीट मिळालं. ६५ च्या जागी ८०. ट्रॅफिक स्कूल करून तो पॉइंट इन्शुरन्सपासून झाकता येतो, पण अठरा महिन्यांत एकदाच, आणि मी ती सवलत आधीच वापरली होती. तो पॉइंट तीन वर्षांहून जास्त माझ्या रेकॉर्डवर होता आणि असायलाच हवा होता. मी वेगाने जाते हे कुठेतरी लिहिलेलं असावं. मग काका गेले त्या खटल्याबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नसावं, हे कोणत्या हिशोबात बसतं?

हा कायदा झाला तेव्हा मोठी चिंता दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांची होती. गव्हर्नर न्यूसम यांनी २०२० मध्ये सही करतानाच म्हटलं होतं की हा गुन्हा यातून वगळला नाही याची मला काळजी वाटते. नंतर अपील कोर्टांनी तो दरवाजा बंद केला, कारण वाहन कायद्यात अशा आरोपींना डायव्हर्जन द्यायला आधीपासून मनाई आहे. ते योग्यच झालं. पण आता चित्र असं आहे की पिऊन गाडी चालवली आणि कुणाला ओरखडाही आला नाही तर डायव्हर्जन नाही. शुद्धीत चालवून माणूस मारला तर आहे, आणि वर रेकॉर्डही साफ.

मार्ग नाही असंही नाही. व्यावसायिक लायसन्सवाल्यांसाठी, म्हणजे ट्रक-बस चालवणाऱ्यांसाठी, अमेरिकेचा केंद्रीय नियम आहे: वाहतूक गुन्ह्याची त्यांची दोषसिद्धी राज्यांनी लपवायची नाही, लांबणीवर टाकायची नाही, डायव्हर्जनमधून रेकॉर्डबाहेर ठेवायची नाही. ट्रकवाल्याच्या बाबतीत हे देशाला पटलं आहे. काकांवर आली ती साधी सेडान होती.

पुण्यातली मंडळी ही पोस्ट वाचतील, त्यांना कल्याणीनगर आठवेल. मे २०२४, पोर्शे, दोन तरुण इंजिनिअर गेले आणि अल्पवयीन मुलाला ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन. सगळा महाराष्ट्र पेटला तो निबंधावरून. पण आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं एक कलम आहे: अल्पवयीनाने गाडीने असा गुन्हा केला तर पंचवीस वर्षांचा होईपर्यंत त्याला लायसन्स मिळू शकत नाही. ते पाळलं किती जातं हा वेगळा विषय, मी इकडे बसून त्यावर बोलणार नाही. पण माणसाला दुसरी संधी देणं आणि त्याच्या हातात पुन्हा गाडी देणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, एवढं त्या कलमाला कळलेलं आहे.

रेकॉर्ड ही शिक्षा नाही, माहिती आहे. तोच मुलगा उद्या पुन्हा सिग्नल तोडताना सापडला तर समोरच्या अधिकाऱ्याला, जजला, डीएमव्हीला तो पहिल्यांदा चुकलेला वाटणार. कॅलमॅटर्स या इथल्या बातमीसंस्थेने २०२५ मध्ये एक मोठी लेखमालाच केली होती, वारंवार अपघात आणि गुन्हे करूनही हातात लायसन्स असलेल्या ड्रायव्हरांवर. मी ती दोन बैठकांत वाचली आणि रात्री झोप लागली नाही. या राज्यात २०२१ ते २०२३ या प्रत्येक वर्षी चार हजारांहून जास्त माणसं रस्त्यावरच्या अपघातांत मेली आहेत.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. डायव्हर्जन राहू दे, अटक पुसली जाऊ दे, नोकरीच्या अर्जात त्याला काही लिहावं लागू नये. फक्त खटला माणसाच्या मृत्यूचा असेल तर डायव्हर्जन मिळालं तरी दोन पॉइंट चढलेच पाहिजेत आणि लायसन्स काही काळ थांबलं पाहिजे.

आमच्या असेंब्ली सदस्याला आणि स्टेट सेनेटरला मी काल पत्र पाठवलं. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या कुणाला मसुदा हवा असेल तर मेसेज करा, आपापल्या शब्दांत बदलून घ्या. रविवारी काकूंना फोन करणार आहे. लायसन्सवर काही लिहिलेलं नाही हे आधी सांगेन, पत्राचं नंतर.