फोनवर डॉक्टरला दाखवले म्हणून गोपनीयतेचा हक्क जात नाही

सीमाभागातील व्हॉट्सॲप गटांत फिरणाऱ्या एका मजकुराचा आशय असा: व्हिडिओ कॉलवर दाखवणाऱ्या रुग्णाच्या माहितीला कायद्याचे संरक्षण नाही, डॉक्टर कोल्हापूर-मिरजेचा असेल तर कर्नाटकात दाद मागता येत नाही, आणि ॲपवर ‘सहमत’ दाबले की सारे हक्क सुटतात.

पहिले विधान सपशेल चुकीचे आहे. 25 मार्च 2020 ची टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक तत्त्वे डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेला जोडलेली असल्याने, समोर बसलेल्या रुग्णाचे गुपित राखण्याचे बंधन फोनवरच्या रुग्णालाही लागू होते. रुग्णाने स्वतः कॉल केल्यास संमती गृहीत धरली जाते. आरोग्य कर्मचाऱ्याने लावून दिल्यास ती स्पष्टपणे घ्यावी लागते. औषध दुकानाच्या काउंटरवर फोन ठेवून, स्पीकर चालू करून, मागे गिऱ्हाइके उभी असताना साखरेचा रिपोर्ट मोठ्याने वाचला जातो, तेव्हा गुपित सर्व्हरवरून नव्हे, तिथेच फुटते.

राज्याच्या हद्दीचा मुद्दा आपल्याकडे चटकन पटतो, म्हणून तो नीट पाहू. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्रात असेल तर त्याच्या गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे न्यावी लागते, एवढे खरे. परंतु ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती बेकायदा उघड करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. म्हणजे फी भरून सल्ला घेतलेल्या निपाणीच्या रुग्णाला बेळगावच्या आयोगाकडे जाता येते. ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेवरचा मोफत सल्ला मात्र यात सहज बसत नाही.

‘सहमत’ दाबल्याने हक्क सुटत नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील 2011 च्या नियमांत वैद्यकीय नोंदी संवेदनशील माहितीत मोडतात आणि दिलेली संमती लेखी कळवून मागे घेता येते.

मजकुरात तथ्य असेल तर ते एका ठिकाणी. तंत्रज्ञानातील त्रुटीमुळे माहिती फुटल्याचा वाजवी पुरावा असल्यास मार्गदर्शक तत्त्वे डॉक्टरला जबाबदार धरत नाहीत, आणि ॲप चालवणाऱ्या कंपन्यांना वेसण घालणाऱ्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातील मुख्य कर्तव्यांना, नोव्हेंबर 2025 मध्ये नियम अधिसूचित झाल्यापासून, 18 महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्या कंपनीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल, आणि संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय तिला द्यावा लागेल.