दर्ग्यातली भक्ती दर्ग्यातच राहते म्हणे!

उरुसाचे दिवस आले की कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. ‘सूफी म्हणजे कव्वाली आणि नवस. ज्याची त्याची भाबडी भक्ती, समाजाच्या वागण्यावर काडीचा परिणाम नाही. वर ही माणसं जगापासून पळणारी.’

कव्वालीचं आधी निकालात काढू. ती चिश्ती या सूफी परंपरेत रुजली. नक्शबंदी या दुसऱ्या सिलसिल्यात, म्हणजे परंपरेत, जिक्र (देवाचं नामस्मरण) मनातल्या मनात, वाद्यांना बहुतेक ठिकाणी थाराच नाही.

‘ज्याची त्याची भक्ती’ हे मात्र मुळातच चुकलंय. मुरीद म्हणजे शिष्य, पीर म्हणजे गुरू. मुरीद पीराच्या हातात हात देऊन बैअत करतो, म्हणजे निष्ठेची शपथ घेतो, तेव्हाच त्याच्यामागं पीरभाईंचा गोतावळा लागतो. जिक्राच्या हलक्यात सगळे गोल करून बसतात. ज्याच्याशी बांधावरून वाद चाललाय तोच गुडघ्याला गुडघा लावून शेजारी आला, तर अबोला किती दिवस रेटणार? शिवाय खिदमत, म्हणजे सेवा. पाणी भरा, झाडलोट करा, लंगरची खरकटी उचला. मी-पणा जिरावा म्हणून खानकाहत, म्हणजे सूफींच्या मठात, मुरीदाला असली कामं लावायची जुनी रीत. घरी ताटही न उचलणारा बाप्या इथं परक्यांची ताटं घासतो. याला वागण्यावरचा परिणाम नाही तर काय म्हणायचं?

एक मात्र सूफींची बाजू घेणाऱ्या आपल्याच लोकांना सांगायला हवं. २०१८ आणि २०१९ ला गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले, बाबूजमाल तालमीसारख्या ठिकाणी गणपती आणि मोहरमचे पंजे शेजारी बसले. अभिमानाचीच गोष्ट, पण पंजे करबलात शहीद झालेल्या इमाम हुसेनांच्या आठवणीचे, आणि ते जपले तालमींनी. सरसकट सूफींच्या खात्यावर कशाला टाकायचे?

राहिलं जगापासून पळणं. सेनेगलमध्ये अमादू बंबा या सूफी गुरूंच्या, ‘मुरीद’ याच नावाच्या पंथात कष्ट हीच इबादत. त्यांच्या शिष्यांनी भुईमुगाची शेती पिकवली. बंबांचा एवढा धसका, की तिथं राज्य करणाऱ्या फ्रेंचांनी १८९५ मध्ये त्यांना गॅबनला हद्दपार केलं. लिबियात इटलीशी वीस वर्षं झुंजून १९३१ मध्ये फासावर गेलेले उमर मुख्तार सनूसी तरीक्याचे, म्हणजे सूफी पंथाचेच.

म्हणून दर्ग्यात जाणारा प्रत्येकजण उदार होतो, असंही कुणी समजू नये. मुंबईच्या हाजी अलीत बायकांना मजारीपर्यंत जायला बंदी होती. ती घालणारे विश्वस्त दर्ग्याचेच, आणि २०१६ मध्ये ती उठली ती उच्च न्यायालयात भांडणाऱ्या मुसलमान बायकांमुळं.