पाण्यात उलगडली म्हणून ती संजीवनी नव्हे

पाऊस लागला की कोल्हापुरात मोबाइलवर एक मजकूर फिरायला लागतो: ‘वाळलेली जुडी पाण्यात टाका, हिरवी होते. हीच रामायणातली संजीवनी. हा नेचा मरत नाही, उपटला तरी बीजाणूंतून पुन्हा येतो. दाजीपूर, आंबा घाटात भरपूर आहे, आणून कुंडीत लावा.’ यात जुडी उलगडते एवढंच खरं.

‘हा नेचा.’ नाही. जत्रेत विकतात ती सहसा सिलाजिनेला ब्रायोप्टेरिस, नेच्याहून (फर्नहून) वेगळ्या गटातली वनस्पती. शाळेत नेचा आणि सिलाजिनेला या दोघांना ‘टेरिडोफायटा’ या एकाच नावाखाली शिकवतात, गोंधळ तिथून होतो. दोघांतही पाणी वाहून नेणाऱ्या नलिका आहेत, दोघांनाही बी धरत नाही; पण त्यांचे वंश सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झाले. नात्यानं नेचा सिलाजिनेलापेक्षा आंब्याच्या झाडाला जवळचा. खात्री करायला दहापटीचं भिंग पुरतं. नेच्याचं कोवळं पान वेटोळं घालून वर येतं आणि मोठं झालं की मागच्या बाजूला बीजाणूधानींचे (बीजाणूंच्या पिशव्यांचे) तपकिरी ठिपके किंवा पट्टे दिसतात. (कीड पडली म्हणून ते पुसू नका.) सिलाजिनेलाचं पान जेमतेम काही मिलिमीटरचं, त्यात एकच शीर. बीजाणूधानी फांदीच्या टोकाच्या बारीक कणसात, पानांच्या बगलेत असतात: काहींत सहसा चारच मोठे बीजाणू, बाकीच्यांत पुष्कळ बारीक.

‘रामायणातली.’ वाल्मीकी रामायणात मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सुवर्णकरणी आणि संधानी अशा चार औषधी येतात, त्याही हिमालयातल्या. ही जुडी त्यांपैकी एक असल्याचा पुरावा नाही. पेशंटला तिचा काढा देऊ नका.

‘मरत नाही.’ सुकणं सोसण्याची ताकद तिच्यात आहे, पण उलगडणं हा जिवंतपणाचा पुरावा नव्हे. पाणी शोषून मेलेली फांदीही पसरते. जिवंत असेल तर काही दिवसांत टोकाला नवी हिरवी वाढ दिसते. मेलेली तपकिरीच राहते, कुबट वास सुटतो.

‘पुन्हा येतो.’ इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं. नेच्याच्या बीजाणूपासून थेट नेचा होत नाही. आधी नखाहून लहान, बदामाच्या आकाराचं हिरवं पातं तयार होतं. त्यावर पाण्याची फिल्म असेल तरच नरपेशी पोहत अंडपेशीपर्यंत जाते. पातं वाळलं की सगळं संपलं. झाड उपटताना कातळावरचं शेवाळ आणि बोटभर मातीही निघून येते, म्हणजे नवं पातं धरायची जागाच जाते.

‘घाटात भरपूर.’ विकली जाते ती वनस्पती मुख्यतः मध्य भारतातल्या कातळांवरची. आपल्या घाटात उन्हात मिटून पावसात उलगडणारा एक नेचा आहे: मागची बाजू पांढऱ्या भुकटीनं माखलेली, हातावर दाबली की पानाचा ठसा उमटतो. संजीवनी समजून लोक तोही उपटतात, हंसराज नावाचा नेचाही. राधानगरी अभयारण्यातून परवानगीशिवाय वनस्पती नेणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

ओळख पटवायला फोटो पुरतात: पूर्ण झाड, पानाची मागची बाजू, देठाचं बूड आणि शेजारी पट्टी. अभ्यासासाठी परवानगीनं नमुना घेतलाच, तर नेच्याचं बीजाणू धरलेलं एकच पान बुडापासून घ्या आणि तिथल्या तिथे वर्तमानपत्रात दाबा. सिलाजिनेला उशीर झाला की आक्रसतो आणि मग सपाट बसत नाही. आपल्याकडच्या पावसाळी हवेत पहिला आठवडा कागद रोज बदला. एक दिवस चुकला तरी बुरशी धरू शकते, पान काळं पडू शकतं.