संडासच्या टाकीतून जिवंत निघालेल्यांची स्मरणशक्ती कोण तपासतं?

सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस हुंगला की स्मरणशक्ती वाढते, असा एक मेसेज आपल्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. हात जोडून सांगतो, तो पुढे पाठवू नका. त्यामागचं संशोधन खरं आहे, पण मेसेजनं त्यातलं निम्मंच उचललंय, आणि उरलेलं निम्मं जीवघेणं आहे.

हा गॅस म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. आम्ही बी.एस्सी.ला असताना किप्स ॲपरेटसमधून तो काढायचो आणि प्रयोगशाळाभर घमघमाट सुटायचा. तेव्हा तो निव्वळ विष म्हणूनच शिकवला जायचा. पुढे १९९६ साली जपानच्या आबे आणि किमुरा यांनी दाखवलं की मेंदू स्वतःच हा गॅस अगदी थोडा तयार करतो. हिप्पोकॅम्पस या भागात नवी गोष्ट पक्की होताना पेशींमधला दुवा बळकट होतो, त्याला तो मदत करतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या बिंदू पॉल, सॉलोमन स्नायडर आणि सहकाऱ्यांनी अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांना हा गॅस हळूहळू सोडणारं रसायन टोचलं, आणि त्यांची स्मरणशक्ती सुधारली. हे सगळं उंदरांमध्ये, ठरलेल्या मात्रेत. नाकानं हुंगून नव्हे.

आता आपल्या गावाकडे या. रावेर-यावलचा केळीपट्टा घ्या, भुसावळच्या वस्त्या घ्या, नाहीतर धुळे-नंदुरबारचे पाडे. संडासची टाकी भरली की माणूस बोलावून उपसली जाते. झाकण उघडून आत उतरणारा बहुधा गरीबच असतो. हवेपेक्षा जड असल्यानं हा गॅस तळाशी साचतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग झाला की थोड्याच वेळात नाक वास घेणंच सोडतं. ‘वास येत नाही, उतर’ हे वाक्य म्हणूनच फार घातक आहे. पाचशेच्या वर गेला की माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला भाऊही तिथेच राहतो.

मेलेल्यांची निदान बातमी तरी होते. बेशुद्ध होऊन वाचलेल्यांना मात्र ‘देवानं वाचवलं’ म्हणून घरी पाठवलं जातं. पुढे महिन्यांनी असा वाचलेला माणूस नावं विसरतो, हिशेब चुकतो, चिडचिड करतो. घरचे म्हणतात, दारू लागली असेल. वास्तविक या गॅसच्या मोठ्या झटक्यातून वाचलेल्यांमध्ये स्मृतीचे दोष राहू शकतात, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. थोडक्या मात्रेत आठवण घडवणारा गॅस मोठ्या मात्रेत पेशींचा श्वासच कोंडतो.

हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणं गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारातल्या मृत्यूसाठी ३० लाख, कायमच्या अपंगत्वासाठी २० लाख आणि इतर अपंगत्वासाठी किमान १० लाख भरपाई ठरवली. पण विसरभोळेपणाला अपंगत्व म्हणून कागदावर आणणार कोण? तपासणीच झालेली नसते.

तुमच्या ओळखीत टाकीत बेशुद्ध पडून वाचलेला कोणी असेल, तर त्याला जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात घेऊन जा. काय घडलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, स्मरणशक्तीची चाचणी मागा आणि नोंद लिहून घ्या. टाकी उपसायची असेल तर सक्शनची गाडीच बोलवा. पैसे जास्त लागले तरी चालतील.