बाबांच्या हातातलं कार्ड आणि विमानतळाचं दार

मागच्या दिवाळीनंतर बाबांना पहिल्यांदा विमानात बसवलं. वय ७२, सारी हयात कपाशी-तुरीत गेलेली. विमानतळाच्या दारावर त्यांनी मोबाइल पुढं केला, पण काच तडकलेली असल्यानं क्यूआर कोड काही वाचला जाईना. मागं रांग खोळंबली. बाबा हळूच म्हणाले, "माह्यं काही चुकलं का रे?" शेवटी काउंटरवरून कागदी पास आणला तेव्हा आत गेलो. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं.

हेच बाबा कृषी केंद्रात रुपे कार्ड मशीनला टेकवून बियाण्याचे पैसे देतात. पाच हजारांपर्यंत पिनसुद्धा लागत नाही. त्या कार्डात बॅटरी नसते. आत तांब्याच्या तारेचं बारीक वेटोळं असतं, मशीनच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रातून तेच वीज घेतं आणि चिप जागी होते. अंतर जेमतेम चार सेंटिमीटर. कार्डाला ना नेट लागतं, ना चार्जिंग, ना चष्मा. जवळून टेकवून चालणारं हे एनएफसी तंत्र काही कालचं नाही. नोकिया, फिलिप्स आणि सोनी यांनी त्यासाठी २००४ मध्येच संघटना उभी केली.

विमानतळाच्या दारावर ही सोय हवीच, असं माझं ठाम मत आहे. तिकीट कार्डात भरा, माणूस कार्ड टेकवेल आणि आत जाईल.

पारावर विषय काढला तर एक जण म्हणाला, "खिशातूनच माहिती चोरतील ना बाप्पा." शंका रास्त आहे, म्हणून चिप बसवलेल्या ई-पासपोर्टचं सांगतो. १ एप्रिल २०२४ ला त्याची चाचणी सुरू झाली, त्यात आपलं नागपूरही होतं. त्यातल्या चिपशीही असाच जवळून संपर्क होतो, पण आतल्या पानावरच्या शेवटच्या दोन ओळी मशीननं आधी वाचल्याशिवाय ती माहिती देत नाही. शिवाय माहितीवर सरकारची डिजिटल सही असते. कोणी फेरफार केला तर लगेच पकडला जातो. विमानाच्या कार्डालाही असंच कुलूप घालता येईल.

कार्ड मात्र माणूस ओळखत नाही. ते दुसऱ्याच्या हाती लागू शकतं, म्हणून ओळखपत्र आणि चेहरा पाहणारा जवान दारावर राहिलाच पाहिजे. चेहरा ओळखणारी डिजियात्रा १ डिसेंबर २०२२ पासून आहे, पण तिला सहसा स्मार्टफोन लागतो, ॲप लागतं. पुतण्याच्या फोनवरून तिकीट काढणाऱ्या माणसानं काय करायचं?

आपल्या अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान सुरू झालं. विमानतळ लहान आहे, प्रवासी आपल्याच खेड्यापाड्यांतले. तिथं क्यूआर स्कॅनरशेजारी कार्ड टेकवायचं एक यंत्र बसवून पाहा, एवढीच मागणी आहे. पटत असेल तर आपापल्या लोकप्रतिनिधीच्या कानावर घाला.

माघात धाकट्या बहिणीच्या मुलीचं बारसं आहे, बाबांना पुन्हा मुंबईला न्यायचंय. या खेपेला मी कागदी पास आधीच त्यांच्या बंडीच्या खिशात घालून ठेवणार आहे.