दिवाळी तिची, नाताळ माझा

डिसेंबर लागला की मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर ‘पालकांनी मुलांसोबत करावयाचे सोपे उपक्रम’ यायला लागतात. यंदाच्या यादीत कागदाचे हिमकण होते, कापसाची दाढी होती आणि शेवटी, जणू काही विशेष नाही अशा थाटात, बिस्किटांचं घर होतं. खाली हात जोडलेली इमोजी आणि ‘फोटो पाठवणे अनिवार्य’.

बायकोने मेसेज वाचला, मोबाईल माझ्यापुढे सरकवला आणि वाटणी जाहीर केली.

‘‘चकल्या, करंज्या, किल्ला, रांगोळी, सगळी दिवाळी मी केली. नाताळ तुमचा.’’

वाटणीत खोट काढायला जागा नव्हती. शिवाय मी उद्यमनगरातला, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीतला माणूस. पंपाच्या बॉडीचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवण्यात हयात गेली. चार भिंती आणि दोन पाख्यांचं घर, तेही मैद्याचं, ते काय अवघड, असं घरातल्या सगळ्यांचंच मत पडलं.

आधी हिमकण घेतले. कोल्हापूरच्या पोरांचा बर्फाशी संबंध गोळ्यापुरता. त्यामुळे मी पांढरा कागद आणेपर्यंत कन्येने स्केचपेनं काढून ठेवली होती. जांभळं आणि केशरी.

‘‘हिमकण पांढरा असतो गं.’’

‘‘हा काला खट्टा आहे.’’

बरं म्हटलं. पण टोकांच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. हिमकण सहा टोकांचाच हवा, कारण बर्फाच्या स्फटिकाची मांडणीच षटकोनी. म्हणजे कागद आधी अर्ध्यात दुमडायचा आणि मग त्या अर्ध्याच्या साठ-साठ अंशांच्या तीन घड्या घालायच्या. व्हिडिओतल्या बाई मात्र अर्ध्याचं पाव, पावाचं अर्धपाव करत आठ टोकांचा हिमकण हसत हसत उलगडून दाखवत होत्या. मी कोनमापक आणला. कन्या म्हणाली, ‘‘आठ मिळायलेत तर सहा कशाला घ्यायचे?’’ याला उत्तर नाही. चिरंजीवांनी तोवर घडीचीच कड अख्खी कापून टाकली. त्यांचा हिमकण उलगडला नाही, वाटून आला. प्रत्येकाच्या हातात एकेक पाकळी.

कापसाच्या दाढीबद्दल मी बोलणार नाही. फेविकॉलची बाटली उघडी होती, मेडिकलमधून आणलेला कापूस जमिनीवर पसरला होता आणि शेजारचं मांजर खिडकीतून आत आलं, एवढं पुरे.

मग घर. परदेशी कृतीत सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ आणि मोलॅसिस मागतात. पहिले चार जिन्नस आमच्या मसाल्याच्या डब्यातच होते. जिल्हाभर गुऱ्हाळं पेटलेली असताना मोलॅसिस ऑनलाइन मागवायला मात्र मन धजेना. काकवी घेतली. अडलं ते अंड्यापाशी. मार्गशीर्ष चालू होता. एरवी आमच्याकडे मटणाशिवाय रविवार उजाडत नाही, पण या महिन्यात आईचे महालक्ष्मीचे गुरुवार असतात आणि अंडं उंबरा ओलांडत नाही. अंड्याऐवजी दही धरलं. दह्याचा आंबटपणा आणि खायचा सोडा यांची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ हलकं होतं, हे शाळेत शिकलेलं. हलकी भिंत कुणाला हवी असते, हे मात्र शाळेत विचारत नाहीत.

पीठ मळलं, अर्धा तास फ्रिजमध्ये घट्ट होऊ दिलं. पोरं दर पाच मिनिटांनी फ्रिज उघडून ‘झालं का’ म्हणून बोट खुपसत होती. बोटभर पीठ पोटात जात होतं. पुढे पोळपाटावर सगळीकडे सहा मिलिमीटर जाड लाटलं. व्हर्नियरने मोजलं. आईने ते पाहिलं आणि देवघरात गेली.

भाजायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. ओव्हन नाही. व्हिडिओवाल्या बाई म्हणतात, कुकरची शिट्टी आणि रिंग काढा, तळाला मीठ पसरा, दहा मिनिटं तापवा, झाला ओव्हन. होतो, मी नाही म्हणत नाही. केक होईल, बिस्किटं होतील. पण कुकर गोल आणि भिंत चौकोनी. आमची लांबची भिंत कुकरात तिरकी उभी करावी लागली असती. मग आठवली ती कोपऱ्यावरची बेकरी. दिवाळीत आम्ही तिथूनच नानकटाईचे पत्रे भाजून आणतो.

‘‘काय हाय हे?’’ भट्टीवाल्याने विचारलं.

‘‘भिंती.’’

त्याने पत्र्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. काही बोलला नाही. लांब दांड्याच्या फळीवर पत्रा घेऊन आत सारला.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. बिडाचं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेलं लोखंड, गार होताना मीटरला साधारण दहा मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवतात. हा एक टक्का आमच्या बोटांत मुरलेला असतो. बिस्किटाला मात्र हा नियम कुणी सांगितलेला नव्हता. लोणी आधी वितळतं, पीठ मागून धरतं, आणि मधल्या वेळात भिंत हातपाय पसरून घेते. त्यात सोडा. पत्रा बाहेर आला तेव्हा दार बुजलं होतं, खिडक्यांचे डोळे मिटले होते आणि दोन भिंती एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. पाखं तर इतकं फुगलं होतं, की त्यावर पाणी थांबलं नसतं, हाच काय तो फायदा.

‘‘साहेब, सोडा कशाला घातलासा?’’ भट्टीवाला म्हणाला. ‘‘खायाचं का उभं करायचं?’’

हा प्रश्न त्या व्हिडिओत कुणी विचारला असता तर अर्धा महाराष्ट्र वाचला असता. उभं करायच्या बिस्किटात सोडा घालतच नाहीत, किंवा नावाला घालतात. भट्टीवाल्याने माझ्या हातातला पुठ्ठ्याचा साचा घेतला, वाफाळत्या भिंतीवर ठेवला आणि पत्र्याच्या धारदार पट्टीने चारी कडा सरळ उतरवल्या. दार मोकळं केलं, खिडक्या उघडल्या. ‘‘गरम हाय तवरच. गार झाल्यावर हात लावशीला तर भुगा.’’ उद्यमनगरात कास्टिंगच्या कडा काढायला, फेटलिंगला, वेगळा माणूस असतो. याने ते बोलता बोलता उरकलं. उतरवलेल्या कडा पोरांनी तिथंच उभ्या उभ्या, फुंकर घालत, तोंड भाजून घेत संपवल्या. संपूर्ण नाताळात त्यांनी मनापासून केलेलं काम ते एवढंच, आणि उपक्रम म्हणून मला तेच सगळ्यात चांगलं वाटतं.

जोडणीला आयसिंग लागतं. अंड्याचा बलक काढून नुसतं पांढरं आणि पिठीसाखर घोटली की ते सिमेंटासारखं वाळतं. आमच्यात मार्गशीर्ष, म्हणून दूध आणि लिंबाचे थेंब. पिठीसाखर घरच्या मिक्सरवर काढली. कोरडं दळायचं भांडं घरात एकच, आणि त्यात आठवड्याला शेंगदाणा-लसणाची चटणी होते. भांडं घासलेलं होतं, पण लसूण काय घासून जातो? त्या सुगंधी आयसिंगने भिंती चिकटेनात. हात काढला की पुढची भिंत नमस्कार घालायची. मी वर्कशॉपमधून एम-सील आणायला निघालो, तर बायकोने दारात अडवलं.

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या घराण्याचं वाइल्डर मेमोरियल चर्चशी पिढ्यांचं नातं. ज्यांचं ते नाव, ते वाइल्डर साहेब मिशनरी म्हणून १८५२ साली कोल्हापुरात आले. म्हणजे नाताळ इथं शाळेच्या ग्रुपच्या बराच आधी पोचलेला. मला हायसं वाटलं, जाणकार माणूस आला.

‘‘काकू, हे घर कसं उभं करतात?’’

‘‘कसलं घर रे?’’

‘‘नाताळात करतात ते.’’

‘‘आम्ही नाही बाबा कधी केलं. आमच्यात करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या. दारात चांदणी लावायची, झालं.’’ त्यांनी पडलेल्या भिंतीचा तुकडा तोंडात टाकला. ‘‘लसूण घातलायस?’’

करंज्या हा शब्द ऐकल्याबरोबर बायको आतल्या खोलीत गेली ती बाहेर आलीच नाही. वाटणी पुन्हा उघडली जाऊ नये म्हणून असावं.

शेवटी उठली आई. ‘‘संक्रांतीला चिक्की करतो तो पाक कर. त्यानं मढं चिकटंल.’’ कढईत गूळ विरघळला, फेसाळला, रंग गडद झाला. आईने उलथन्याचं टोक पाण्याच्या वाटीत धरलं. थेंब बुडाला, आईने तो बोटात घेऊन वाटीच्या काठावर आपटला. टण्ण वाजला. ‘‘आता लाव. बोलत बसू नको.’’ असा पाक सेकंदा-दोन सेकंदांत धरतो, आणि बोटाला लागला तर बोटही सोडत नाही, म्हणून पोरांना अंगणात पिटाळलं. मुलांसोबत करायचा उपक्रम मी आणि माझी आई असा पार पडला. घर उभं राहिलं, आणि माझ्या धंद्याला शोभेल असं काटकोनात. रात्री ताटाखाली पाण्याची परात ठेवली, कारण सांधे गुळाचे आणि मुंग्या कोल्हापूरच्या.

पत्रा द्यायला सकाळी बेकरीत गेलो, तर दारात पोरांच्या वर्गातले बाप उभे. प्रत्येकाच्या काखेत पत्रा, हातात पुठ्ठा. एकाने तर घराचा नकाशा छापून आणलेला. कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं. भट्टीवाला आतूनच ओरडत होता, ‘‘भिंती इकडं, छपरं तिकडं! आणि सोडा घातलेलं कुणाचं असंल तर आत्ताच सांगा, धुराड्याचा पत्रा निघंस्तोवर बाजूला थांबा!’’